जमिनीपासून चार बोटं

धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वरून चालायचा, असं महाभारतात सांगितलेलं आहे. लहानपणी कीर्तनात ही कथा लागली की बुवा सत्यनिष्ठेचं महत्त्व घोळवून घोळवून सांगत, पण आम्हां पोरांचं सगळं लक्ष त्या चार बोटांवर. चाकं जमिनीला टेकत नाहीत म्हणजे रथ चालतो कसा, वळतो कसा, आणि थांबला की धपकन खाली येतो की काय, हे प्रश्न बुवांना विचारण्याची सोय नव्हती. पुढे अश्वत्थाम्याच्या बाबतीत धर्मराज अर्धंच खरं बोलला आणि त्याचा रथ इतरांच्या रथांसारखा जमिनीवरून खडखडत चालू लागला. बुवा इथे गहिवरत. मला आज त्या प्रसंगाची एक वेगळीच बाजू दिसते. अठरा अक्षौहिणी सैन्याच्या त्या गोंगाटात, ज्याच्या वाहनाचा हादरा शेजाऱ्याला पोचत नव्हता असा तो एकटाच सद्गृहस्थ होता. त्याला स्वर्गात सदेह प्रवेश मिळाला याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

ही चार बोटं मला आता आठवण्याचं कारण म्हणजे सबवूफर. ज्यांच्या घरात तो अजून आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सबवूफर म्हणजे लाकडी भुशाच्या फळ्यांचा एक चौकोनी खोका असतो. त्याच्या एका अंगाला ताटाएवढं भोक आणि त्या भोकात कागदाचा किंवा तसल्याच कशाचा तरी एक पडदा. गाणं, शब्द, सनई, सतार यांच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं. संगीतातला जो अगदी तळाचा गाळ, म्हणजे सेकंदाला वीसपासून शंभर-सव्वाशेपर्यंत कंपनं, तेवढाच त्याच्या वाट्याला येतो. माणसाचा कान विसाच्या खाली ऐकतच नाही आणि विसाच्या आसपास ऐकण्यापेक्षा पोटात गोळा आल्यासारखं वाटतं. हा खोका गाणं ऐकवत नाही, घडवून आणतो. आमच्या घरात तो चिरंजीवांच्या पहिल्या पगारातून आला. त्याची आई त्याला ‘तो डबा’ म्हणते. कॅलिफोर्नियातल्या रेमन डोन्स नावाच्या गृहस्थांनी १९६४ साली असल्या डब्याचं पेटंट घेतलं होतं. पेटंटाच्या कागदावर खालच्या मजल्याचा उल्लेख असावा अशी माझी अपेक्षा नाही.

तसं पाहिलं तर आवाज जमिनीत उतरू नये यासाठीची खटपट डब्याहून फार जुनी. आमची आजी खलबत्त्यात वेलदोडे कुटायला बसली की आधी गोणपाटाची चौपदरी घडी घालायची. का, असं विचारलं तर म्हणायची, “माडीखाली माणसं राहतात, म्हशी नव्हेत.” ध्वनिशास्त्रावरचा हा पहिला धडा मी पाचव्या वर्षी घेतला. तबलजीसुद्धा तबला जमिनीवर ठेवत नाहीत, चुंबळीवर ठेवतात. तबला डगमगू नये आणि हवा तसा कलता ठेवता यावा ही त्यातली मुख्य सोय, पण भांडं फरशीपासून सुटं राहतं हा फायदाही त्यात आयता येतो. डोक्यावर घागर घेणाऱ्या बाईचीही चुंबळच, आणि काम तेच. वरच्याचा भार खालच्याला जाचू नये.

मात्र आवाज माणसाकडे दोन वाटांनी येतो, आणि या दोन वाटांची गल्लत झाली की पैसा पाण्यात जातो. एक वाट हवेची, दुसरी वाट भिंती-जमिनीची. हवेची वाट बंद करायला निघालेल्या मंडळींत सगळ्यांत नामवंत गृहस्थ म्हणजे टॉमस कार्लाइल. लंडनमधल्या चेल्सी भागात चेनी रो नावाची गल्ली आहे. तिथे हे महापंडित १८३४ पासून राहत. मौनाची थोरवी त्यांनी इतक्या पानांतून आणि इतक्या खड्या आवाजात गायली आहे की वाचताना कानात दडे बसतात. पण शेजाऱ्यांना त्याचं काय! एका बाजूला पियानो बडवणाऱ्या मुली, एका बाजूला कोंबडे, खाली रस्त्यावर फेरीवाले आणि पेटीवाले. कोंबड्यांवर तर कार्लाइलसाहेबांचा विशेष दात होता. कोंबडा एकदा आरवून गप्प बसतो त्याचं त्यांना काही वाटत नसावं, पण तो पुन्हा केव्हा आरवेल याची वाट पाहण्यात जी रात्र जाते तिचं काय करायचं? ही व्यथा ज्यानं भोगली आहे त्यालाच कळेल. नवऱ्याच्या वतीने शेजाऱ्यांकडे जाऊन कोंबड्यांसंबंधी वाटाघाटी करण्याचं काम पत्नी जेन यांच्याकडे असे. इतिहासात थोर पुरुषांच्या बायकांनी केलेल्या कामांची यादी कुणी करत नाही. केली तर त्यात ‘कोंबडे’ हा एक मोठा विभाग निघेल.

अखेर १८५३ साली कार्लाइलसाहेबांनी घराच्या माथ्यावर एक खोली बांधून घेतली. भिंती दुहेरी. खिडक्या नाहीतच, उजेड यायचा तो छपरातल्या काचेतून. आता आत बसावं आणि प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा इतिहास लिहावा, एवढंच उरलं. ते बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की जवळचे आवाज थोडे बुजले आहेत खरे, पण जे आवाज पूर्वी त्यांना कधी ऐकूच आले नव्हते ते आता छपरातून आत येत आहेत. नदीवरच्या बोटींच्या शिट्या, दूरच्या देवळांच्या घंटा, आगगाड्या. म्हणजे गल्लीतले शेजारी वजा होऊन सगळं लंडन शेजारी झालं. घरातली सगळ्यांत गोंगाटाची खोली कुठली, तर ही, अशी तिची कीर्ती झाली. तरी माणूस जिद्दीचा. त्यात बसूनच त्यांनी फ्रेडरिकचे सहा खंड हातावेगळे केले. शेवटचा १८६५ साली बाहेर पडला आणि ते खाली उतरले ते पुन्हा वर लिहायला बसले नाहीत. सहा खंड वाचण्याचा प्रयत्न मी एकदा केला आहे. मधूनच एखादं वाक्य अकारण ओरडल्यासारखं येतं. तिथे कोंबडा आरवला असावा.

त्याच लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज हे गणिती राहत. हिशेब करणाऱ्या यंत्राची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली तेच हे. यंत्र काही त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही, आणि त्याचं खापर त्यांनी बऱ्याच जणांच्या माथी फोडलं, त्यांत रस्त्यावरचे वाजंत्रीवालेही होते. गणिती असल्यामुळे त्यांनी नुसती कुरकुर केली नाही, मोजदाद केली. ऐंशी दिवसांत १६५ उपद्रव. १८६४ साली लंडनच्या रस्त्यावरच्या संगीताला आळा घालणारा कायदा झाला त्यात त्यांच्या चळवळीचा वाटा होता. परिणाम असा की वाजंत्रीवाले मुद्दाम त्यांच्या दारात येऊन वाजवू लागले. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे लेखी तक्रार करून पाहिलेल्या कुणालाही हा परिणाम नवा वाटणार नाही.

आता दुसरी वाट, जमिनीची. इथे मला ज्यांच्याविषयी अपार आदर वाटतो ते आल्बर्ट मायकेलसन येतात. प्रकाश ज्यातून प्रवास करतो तो ईथर म्हणून काही पदार्थ विश्वभर भरलेला आहे, अशी त्या काळी सगळ्या शहाण्यांची खात्री होती. पृथ्वी त्यातून जात असेल तर प्रकाशाच्या वेगात त्याचा फरक दिसलाच पाहिजे, आणि तो मी मोजून दाखवतो, असं मायकेलसननी ठरवलं. त्यासाठी त्यांनी जे यंत्र रचलं त्यात एका प्रकाशझोताचे दोन भाग करायचे, दोघांना काटकोनात वेगवेगळ्या वाटांनी धाडायचं, आरशांवरून परत आणायचं आणि पुन्हा एकत्र करायचं. एकत्र आले की काळ्या-उजळ पट्ट्या दिसतात. एक झोत केसाच्या काही शतांशांनी जरी मागे पडला तरी पट्ट्या सरकतात. यंत्राचे पैसे टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल यांनी दिले होते. जगात घणघणाट आणणाऱ्या माणसाने शांततेच्या यंत्राला देणगी द्यावी, हे मला फार योग्य वाटतं.

१८८१ साली बर्लिनमध्ये यंत्र मांडलं. पट्ट्या काही स्थिर राहीनात. रस्त्यावरून घोडागाड्या जात होत्या. बरं, रात्री बघू म्हटलं तर रात्री दोन वाजताही तेच. मग सगळा बाडबिस्तरा उचलून पॉट्सडामच्या वेधशाळेच्या तळघरात नेला. तिथे जरा बरं होतं. पण जरा म्हणजे किती? वेधशाळेपासून शंभर मीटरवर कुणी फरसबंदीवर पाय आपटला की पट्ट्या नाहीशा! मायकेलसननी हे आपल्या निबंधात नमूद केलेलं आहे. तिथे पाय आपटायला कुणाला पाठवलं होतं हे कळत नाही, पण ज्याला पाठवलं त्याच्या आयुष्यात विज्ञानाची याहून मोठी सेवा त्याच्या पायांकडून झाली नसेल.

पुढे १८८७ साली अमेरिकेत क्लीव्हलंड इथे मॉर्ले या रसायनशास्त्रज्ञाच्या साथीने त्यांनी पुन्हा घाट घातला. या खेपेला दगड आणला. दीड मीटर लांब, तेवढाच रुंद आणि फूटभर जाड. त्यावर आरसे, भिंगं आणि दिवा. दगडाखाली लाकडाचं कडं, आणि ते कडं लोखंडाच्या गोल पन्हळीत भरलेल्या पाऱ्यावर तरंगत ठेवलेलं. दीड टनाहून जड शिळा पाऱ्यावर तरंगते आहे आणि सहा मिनिटांत एक फेरी या मंद गतीने फिरते आहे, तिच्याभोवती एक विद्वान एका डोळ्याने दुर्बिणीत बघत चालतो आहे. आपल्याकडे असं दृश्य दिसलं असतं तर तिथे जत्रा भरली असती. जमीन हादरली तरी पारा हादरा पिऊन टाकी आणि दगड आपल्या जडपणाने जागच्या जागी. ईथरचा वारा मात्र सापडला नाही. ईथरच नव्हता! पण काही सापडलं नाही हे इतक्या खात्रीने सांगता आलं ते त्या दगडाच्या आणि पाऱ्याच्या जिवावर. मायकेलसनना १९०७ साली नोबेल मिळालं. जड दगड आणि त्याखाली काहीतरी मऊ, ही जोडी लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

मधल्या काळात आवाज यंत्रातून घरात आला. एडगर व्हिल्चर या अमेरिकन गृहस्थांनी १९५४ साली छोट्या बंद खोक्यातून मोठा खर्ज काढण्याची युक्ती शोधली, आणि पाप धुवायला म्हणा, १९६१ साली असा रेकॉर्डप्लेअर काढला की ज्याची तबकडी आणि सुईचा दांडा हे दोन्ही स्प्रिंगांवर टांगलेले. वर हातोडीने ठोकलं तरी सुई उडत नसे, आणि ते लोकांना ठोकून दाखवत असत. एकाच माणसाने घरातला खर्जही वाढवला आणि खर्जापासून बचावाची सोयही दाखवली. पण लोकांनी खर्ज तेवढा उचलला. लोक असेच.

मग आला १९७४ चा नोव्हेंबर आणि ‘अर्थक्वेक’ हा चित्रपट. हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीला वाटलं, पडद्यावर लॉस एंजलिस कोसळताना प्रेक्षक खुर्चीत स्वस्थ बसतो हे काही बरोबर नाही. म्हणून ‘सेन्सराउंड’ नावाची व्यवस्था निघाली. थिएटरात पुढच्या-मागच्या खुर्च्या काढून तिथे कपाटाएवढे कर्णे ठेवायचे आणि भूकंपाच्या वेळी त्यांतून इतका खालचा आवाज सोडायचा की तो कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त कळावा. कळला! हॉलिवुडच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरात छताचं प्लॅस्टर सुटू लागलं आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर जाळी बांधावी लागली. खोटा भूकंप बघायला तिकीट काढून यावं आणि खऱ्या प्लॅस्टरपासून बचाव करायला जाळीखाली बसावं, असा प्रकार. जिथे शेजारच्या पडद्यावर ‘गॉडफादर’चा दुसरा भाग चालू असे तिथे तर गुंड हळू आवाजात खुनाची मसलत करताहेत आणि भिंतीपलीकडून लॉस एंजलिस कोसळतं आहे. अर्थात या चित्रपटाला ध्वनीचं ऑस्कर मिळालं. प्लॅस्टरवाल्यांसाठी ऑस्कर नाही. सेन्सराउंडचे आणखी दोन-चार चित्रपट निघाले आणि १९७८ नंतर ते बाजूला पडलं. पण चटक लागली ती लागलीच. १९९२ पासून चित्रपटाच्या ध्वनीत या तळाच्या गडगडाटासाठी एक वेगळी वाटच राखून ठेवलेली असते. पाच पूर्णांक एक असं जे म्हणतात त्यातला तो पूर्णांकाच्या पुढचा एक. त्या एक दशांशानेच सगळा घात केला आहे.

आता आमच्या घरातला एक दशांश. आमच्या खालच्या मजल्यावर एक परिचारिका राहतात. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणते. रात्रपाळी करून त्या सकाळी नऊला घरी येतात आणि दुपारी तीनपर्यंत झोपतात. महिन्यातले पंधरा दिवस हेच. डबा आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी बाराला त्या वर आल्या. केस विस्कटलेले, डोळे लाल. भांडायला आल्या असत्या तर सोपं होतं. त्या हात जोडून म्हणाल्या, “काका, गाणं ऐकू येत नाही हो. गाणं ऐकू आलं असतं तरी एक वेळ झोपले असते. नुसतं कुणीतरी छातीवर बोटानं टकटक करतंय असं होतं. आज रात्री आयसीयूत ड्युटी आहे.”

या शेवटच्या वाक्यावर उत्तर नसतं. तिथे कुणाचा तरी बाप पडलेला असणार आणि त्याच्या सलाइनमध्ये किती थेंब सोडायचे ते या न झोपलेल्या डोळ्यांनी मोजायचं.

चिरंजीव कायद्याने वागणारे. त्यांनी सांगितलं की २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्र दहा ते सहा, आपण तर दुपारी वाजवतो. आणि वस्तीच्या भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, त्याच्याही आपण आत आहोत. हे खरं होतं, आणि गंमत तिथेच आहे. हे डेसिबल ज्या मापाने मोजतात त्याला ‘ए’ भार म्हणतात. १९३३ साली अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसांना आवाज ऐकवून कान कुठल्या स्वराला किती तिखट आहे याचे आलेख काढले. कान खर्जाला मंद, असं दिसलं. मग मापयंत्रानेही तसंच मंद व्हावं, असं ठरलं. सेकंदाला पन्नास कंपनांचा आवाज असेल तर हे यंत्र त्यात तीस डेसिबलची सूट देतं, आणि विसाचा असेल तर पन्नासाची. बोहारणीसुद्धा जुन्या साडीच्या मोलात एवढी घट करत नाहीत. कानाच्या दृष्टीने हा हिशेब वाजवी असेल, पण सिस्टरांची खाट काही फ्लेचर आणि मन्सनच्या प्रयोगात बसली नव्हती. शिवाय ज्यांची रात्र सकाळी नऊला सुरू होते त्यांच्यासाठी कायद्यात कलम नाही.

मग उपाय सुरू झाले. इमारतीत तज्ज्ञांची कमतरता कधीच नसते. एकांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा म्हणून सांगितलं. चौतीस कंपनांच्या आवाजाची एक लाट दहा मीटर लांब असते. तिला अंड्याचा ट्रे म्हणजे हत्तीला मच्छरदाणी. दुसऱ्यांनी डब्याला खालून लोखंडी अणकुचीदार पाय बसवायला सांगितलं. काही शौकिनांची अशी श्रद्धा आहे की टोकाला क्षेत्रफळ कमी म्हणून त्यातून हादरा जात नाही. मोळा ठोकताना हातोडीचा हादरा टोकातून भिंतीत नीट जातो, हे सुताराला ठाऊक असतं, शौकिनाला नसतं. तिसऱ्यांनी सतरंजी आणि चौथ्यांनी शांती.

खरी गोष्ट आपल्या झोपाळ्यात आहे. बंगईवर बसलेल्या माणसाच्या कड्या हळूहळू पुढेमागे नेल्या तर माणूसही पुढेमागे जातो. झोपाळ्याच्या स्वतःच्या ठेक्यात नेल्या तर माणूस छताला लागायला जातो. पण त्याहून खूप भरभर हलवल्या तर कड्या थरथरतात आणि माणूस पान लावत स्वस्थ बसून राहतो. मऊ आधारावर ठेवलेल्या डब्याचं असंच. त्या आधाराचा स्वतःचा एक ठेका असतो. त्याच्या सुमारे एक पूर्णांक चार पटींच्या वरच्या कंपनांनाच तो अडवतो. त्याच्या खाली अडवत नाही, आणि ऐन ठेक्यावर तर उलट वाढवतो. म्हणून डब्याखाली रबराचे कडक तुकडे ठेवणारे लोक पुष्कळदा पैसे देऊन हादरा विकत घेतात. ठेका ओळखण्याची रीत सोपी आहे. डबा ठेवल्यावर स्प्रिंग किंवा तसला आधार किती दबला ते पट्टीने पाहा. एक मिलिमीटर दबला तर ठेका सेकंदाला सोळाचा. पाच मिलिमीटर दबला तर सातचा. सातचा ठेका असला की विसाच्या हादऱ्याचा जेमतेम सातवा हिस्सा खाली उतरतो, आणि चाळिसाचा तर नावाला. तेव्हा सगळं रहस्य दबण्यात आहे. जो आधार दबत नाही तो काही सोसत नाही.

मी मायकेलसनचं नाव घेतलं. फरशीच्या वखारीतून दोन फूट बाय दोन फूट, दीड इंच जाडीची शहाबादी आणली. सदतीस किलो भरली. हमालाने ती वर आणताना तिसऱ्या मजल्याला जे उद्गार काढले ते ‘ए’ भाराने मोजण्यासारखे नव्हते. पारा घरात आणता येत नाही, एक तर महाग आणि वर विषारी. त्याऐवजी स्कूटरची ट्यूब घेतली आणि तीत जेमतेम हवा भरली, इतकी की शहाबादी तिच्यावर टेकून तरंगावी, पण खाली लागू नये. ट्यूबवर फरशी, फरशीवर डबा. बोटाने ढकललं की सगळं प्रकरण म्हशीसारखं सावकाश डुलतं. मोजून पाहिलं तर फरशी जमिनीपासून बरोबर चार बोटं वर! आमच्या घरात त्या दिवसापासून कुणी अर्धसत्य बोलत नाही. ट्यूबमधली हवा जाईल अशी भीती वाटते.

सिस्टरना बोलावून त्यांच्याच घरात खाटेवर बसवलं आणि वर चिरंजीवांनी डबा लावला. त्या म्हणाल्या, “मांडणीवरचे पेले वाजायचे थांबले. खाटेतलं टकटक पण गेलं.” मग थोडा वेळ कान देऊन म्हणाल्या, “पण आहे. कुणीतरी अनवाणी फिरतंय असं आहे.” त्यांचं अचूक होतं. जमिनीची वाट बंद झाली, हवेची कशी होणार? पडदा हवेला ढकलतो, हवा जमिनीला आणि भिंतीला ढकलते. त्यासाठी खोलीत खोली बांधावी लागते, तीही कार्लाइलसारखी नव्हे, नीट. तेव्हा उरलेल्या अनवाणी माणसाचा बंदोबस्त जुन्याच पद्धतीने केला. सिस्टर दर महिन्याच्या एक तारखेला आपल्या पाळ्यांचं वेळापत्रक वर पाठवतात. ते आमच्या फ्रिजवर लावलेलं असतं. ज्या दिवशी तिथे लाल फुली, त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत डब्याची वायर चिरंजीवांच्या आईच्या डब्यात, पोळ्यांच्या.

या सगळ्या विद्येचं टोक बघायचं असेल तर मात्र अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळांकडे बघावं लागतं. मूळ रचना मायकेलसनचीच, फक्त झोतांच्या वाटा चार चार किलोमीटर लांब. आरसे चाळीस किलोंचे, काचेच्या तंतूंनी टांगलेले, आणि एकाखाली एक अशा चार लंबकांच्या शेवटी. म्हणजे झोपाळ्याला झोपाळा, त्याला झोपाळा, त्याला झोपाळा. प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाएवढी हालचाल मोजायची, मग शेजारी नको असणं साहजिक आहे. लुइझियानातल्या वेधशाळेला आसपासच्या रानातल्या झाडतोडीचा त्रास. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ साली एक चमत्कारिक टकटक येऊ लागली. विद्वानांनी शोध घेतला तर नळीवर साठलेलं बर्फ डोमकावळे तहानेपोटी चोचीने टोचत होते. कार्लाइलचे कोंबडे इथे या रूपाने आले.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी तिथे तो आवाज पकडला गेला. १३० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली त्याची थरथर. सेकंदाला सुमारे पस्तीस कंपनांपासून सुरू होऊन अडीचशेपर्यंत चढत गेली आणि एक पंचमांश सेकंदात संपली. पस्तीस! म्हणजे विश्वाने आपल्याला पहिली हाक मारली ती बरोबर आमच्या डब्याच्या पट्टीत. चिरंजीवांनी हे वाचून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला पुष्कळ दिवस पुरेल.

आणि या वेधशाळेचं भारतातलं भावंड आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. जागा निवडताना जमीन किती शांत आहे हे बघितलं गेलं. भूकंपमापकांनी ती शांत ठरवली असेल, माझी हरकत नाही. पण मराठी माणसाला औंढ्याची दुसरीही एक हकीकत ठाऊक असते. नामदेव महाराज तिथे नागनाथासमोर कीर्तन करत होते. टाळमृदंगाने पूजेत व्यत्यय येतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना उठवलं, मागच्या बाजूला जायला सांगितलं. महाराज मागे गेले आणि तिथे त्यांनी कीर्तन लावलं, तेव्हा देऊळच गर्रकन फिरून त्यांच्यासमोर आलं. आवाजाच्या तक्रारीचा निकाल वाजवणाऱ्याच्या बाजूने लागल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच प्रकरण. ते मी अजून सिस्टरना सांगितलेलं नाही. चिरंजीवांना तर नाहीच नाही.